देवीचे वण आणि बुजलेली वाट

देवीच्या रोगाचा भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला. पुढे एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगासाठी तीच घोषणा केली. मानवाने समूळ नष्ट केलेला हा पहिला रोग. त्याच्या खुणा मात्र माणसांच्या चेहऱ्यांवर आणखी काही दशके राहिल्या. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीत गालांवर वण असलेली माणसे अजूनही भेटतात.

याच रोगाने काही मुलग्यांच्या शरीरात आणखी एक वण मागे ठेवला होता. तो कोणालाच दिसत नव्हता. ज्याच्या अंगी तो होता त्यालाही वीस-पंचवीस वर्षे त्याचा पत्ता लागत नसे. लग्न होई, वर्षे जात, पाळणा हलत नसे आणि दोष बायकोच्या पदरी पडे. या अदृश्य वणाकडे ज्यांनी शास्त्राचे लक्ष वेधले त्यांत मुंबईचे ए. एम. फडके, एन. आर. सामंत आणि एस. डी. देवल ही तीन नावे महत्त्वाची आहेत. देवीचा रोग हा पुरुषांच्या वंध्यत्वाला कारण होतो, असे सांगणारा त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये ‘फर्टिलिटी अँड स्टरिलिटी’ या नियतकालिकात आला. योगायोग असा की भारतातील देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी याच मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली होती. लस आल्यापासून १७१ वर्षांनी, आणि रोग देशातून जाण्याच्या अवघी दोन वर्षे आधी, त्या रोगाचे हे उशिरा उमटणारे फळ त्याच शहरातून जगापुढे मांडले गेले.

लहान वयात झालेली इजा तरुण वयात फळते आणि मधल्या काळात तिचा मागमूस लागत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी त्या वाटेची रचना आधी पाहावी लागते.

सहा मीटरांची वाट

शुक्राणू वृषणात तयार होतात. तेथून ते अधिवृषणात जातात. अधिवृषण म्हणजे वृषणाच्या मागच्या अंगाला चिकटलेली, अतिशय बारीक नळीची घट्ट गुंडाळी. ही नळी उलगडली तर सुमारे सहा मीटर लांब भरते. या प्रवासात शुक्राणू परिपक्व होतात आणि अधिवृषणाच्या शेवटच्या भागात, म्हणजे शेपटीत, साठून राहतात. तेथून पुढे शुक्रवाहिनी सुरू होते. ती जांघेतून वर चढते, पोटाच्या पोकळीत शिरते आणि मूत्राशयामागून वळून मूत्रमार्गाला मिळते. शुक्रवाहिनी बाहेरून चाचपली तर सुतळीसारखी कडक लागते, कारण तिची भिंत जाड स्नायूंची असते. आतली पोकळी मात्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. एवढ्या अरुंद नळीत सुजेनंतर धरलेला इवलासा चट्टाही वाट कायमची बंद करायला पुरतो.

निरोगी तरुणाच्या वृषणांत दररोज कित्येक कोटी शुक्राणू तयार होतात. तरीही वीर्याच्या एकूण आकारमानात वृषण आणि अधिवृषणाकडून आलेला भाग पाच टक्क्यांच्या आसपासच असतो. उरलेला सारा द्रव पुढच्या ग्रंथींतून येतो आणि त्या ग्रंथी शुक्रवाहिनीच्या पलीकडच्या टोकाला असतात. म्हणून दोन्ही वाहिन्या पूर्ण बंद असल्या तरी वीर्याचे प्रमाण, रंग, दाटपणा यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. दाढी-मिशा येतात, आवाज फुटतो, कामेच्छा आणि कामशक्ती शाबूत राहते. पुरुषत्वाचे संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जाते. त्याला या वाटेची गरज नसते. ज्या खुणांवरून समाज पुरुषत्व जोखतो त्यांपैकी एकही खूण बिघडत नाही. बिघाड सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

ॲस्टली कूपरचा कुत्रा

वाट बंद झाली तरी वृषण मरत नाही, हे कळायलाही काळ जावा लागला. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर यांना शवविच्छेदनात असा एक पुरुष आढळला की ज्याच्या शरीरात शुक्रवाहिनीचा मोठा भागच नव्हता. वृषण मात्र व्यवस्थित होते. पुढे ॲस्टली कूपर यांनी १८२३ मध्ये एका कुत्र्यावर प्रयोग केला. एका बाजूची शुक्रवाहिनी तोडली आणि दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या. रक्त तुटलेल्या बाजूचे वृषण सडून गेले. शुक्रवाहिनी तुटलेल्या बाजूचे टिकले. कूपर यांनी तो कुत्रा सहा वर्षे सांभाळला. १८२९ मध्ये तपासले तेव्हा तुटलेल्या जागेच्या मागची वाहिनी फुगून वीर्याने भरलेली होती. १८३० मध्ये त्यांनी हे ग्रंथात नोंदवले.

या प्रयोगातून दोन गोष्टी निघाल्या. वाट अडली तरी कारखाना चालू राहतो, ही पहिली. अडलेला माल मागे साठत जातो आणि मागच्या नळीवर ताण येतो, ही दुसरी. पहिली गोष्ट आशादायक आहे. वाट मोकळी करता आली तर शुक्राणू पुन्हा बाहेर येऊ शकतात. दुसरी तितकीशी आशादायक नाही. साठलेल्या मालाचे पुढे काय होते, हा प्रश्न तिच्यातून उभा राहतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांतही मुंबईचे फडके होते.

मुंबईच्या प्रयोगशाळेतील उत्तरे

स्वातंत्र्यानंतर भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम केला आणि प्रजननशास्त्राच्या संशोधनाला मुंबईत जागा मिळाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५४ मध्ये मुंबईत संततिनियमन साधनांच्या तपासणीचे एक छोटे केंद्र सुरू केले. परळ येथील आजची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था त्यातूनच वाढली. त्याच काळात शहरातील काही डॉक्टर अपत्यहीन दांपत्यांतील पुरुषांची पद्धतशीर तपासणी करू लागले होते.

ए. एम. फडके यांनी १९६४ मध्ये ‘जर्नल ऑफ रिप्रॉडक्शन अँड फर्टिलिटी’त अडकलेल्या शुक्राणूंच्या गतीवर निबंध लिहिला. ज्यांची वाट रोगाने बंद झाली होती आणि ज्यांची नसबंदीने बंद केली होती, अशा दोन्ही प्रकारच्या पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला. अधिवृषणाच्या नळीत त्यांना शुक्राणू गिळणाऱ्या भक्षकपेशी दिसल्या. वृषण शुक्राणू बनवत राहते आणि शरीरच ते खाऊन मोकळे करते, असा हा हिशोब. त्याच वर्षी फडके आणि पडुकोण यांनी दुसरी बाब नोंदवली. शुक्रवाहिनी बंद असलेल्या पुरुषांच्या रक्तात स्वतःच्याच शुक्राणूंना एकमेकांना चिकटवणारी प्रतिपिंडे आढळत होती.

याचे कारण शरीराच्या वयात आहे. स्वकीय कोण आणि परके कोण, हे शरीराचे संरक्षणदल जन्माच्या आसपास शिकते. शुक्राणू मात्र वयात आल्यावर, बारा-चौदा वर्षे उशिरा जन्मतात. संरक्षणदलाने त्यांना कधी पाहिलेले नसते. एरवी ते रक्तापासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त नळीत राहतात, म्हणून भांडण होत नाही. नळी अडली, ताणली, फुटली की शुक्राणूंचे घटक बाहेर झिरपतात आणि शरीर त्यांना परके समजून प्रतिपिंडे बनवते. नसबंदी झालेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांत अशी प्रतिपिंडे सापडतात, हे नंतरच्या अनेक अभ्यासांनी दाखवले.

१९७३ चा देवीवरील निबंध या पार्श्वभूमीवर आला. फडके, सामंत आणि देवल यांना असे दिसले की लहानपणी देवी येऊन गेलेल्या पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूंचा पूर्ण अभाव वारंवार आढळतो आणि त्यांतील बहुतेकांत दोष वृषणाचा नसून वाटेचा असतो. वृषण शुक्राणू बनवत असते. अधिवृषणाच्या शेपटीशी, शुक्रवाहिनी सुरू होते त्याच्या तोंडाशी, नळी बुजलेली असते. देवीच्या विषाणूने बालपणी तेथे सूज आणली, सूज ओसरली, चट्टा राहिला. गालगुंडाच्या रोगाशी तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. वयात आल्यावर गालगुंड झाले तर कधी कधी वृषणाचेच नुकसान होते, म्हणजे कारखाना बिघडतो. देवीने कारखान्याला हात लावला नव्हता. दाराशी भिंत घातली होती.

दोष कोणाचा

या निष्कर्षाचे सामाजिक वजन मोजायचे तर त्याआधीची महाराष्ट्रातील घरे आठवावी लागतात. देवी हा मुख्यतः बालपणीचा रोग होता. ज्या मुलाला देवी येऊन तो वाचला, त्याचे वाचणे हीच घराला कृपा वाटे. चेहऱ्यावरच्या वणांमुळे मुलीचे लग्न अडे. मुलाचे सहसा अडत नसे. मूल झाले नाही तर ‘वांझ’ हा शब्द बाईसाठी तयार होता. पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्दच नव्हता. वंशासाठी दुसरी बायको करणे रीतीला धरून होते. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६ मध्ये झाला आणि देशभर ती बंदी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. त्याआधी वाट बुजलेल्या पुरुषाने दुसरा विवाह केला तर एका निरपराध बाईशेजारी दुसरी येऊन बसे.

पुरुषाचीही तपासणी व्हावी, ही साधी गोष्ट मराठीत बोलली जाऊ लागण्यात र. धों. कर्वे यांचा वाटा मोठा आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले. प्रजनन हा लाजेचा विषय नाही, शरीरशास्त्राचा आहे, असा त्यांचा आग्रह होता. फडक्यांसारख्या संशोधकांच्या दवाखान्यात पुढे पुरुष तपासणीला येऊ लागले, त्यामागे अशा प्रबोधनाची भूमिका होती. सूक्ष्मदर्शकाखालचा वीर्याचा एक थेंब अनेक बायकांवरचा आरोप पुसू शकत होता.

जाणूनबुजून केलेली इजा

शुक्रवाहिनीला झालेल्या इजेबद्दल आज जे माहीत आहे त्याचा मोठा भाग जाणूनबुजून केलेल्या इजेतून, म्हणजे पुरुष नसबंदीतून, आला आहे. भारतात ती जितक्या मोठ्या प्रमाणावर झाली तितकी फार थोड्या देशांत झाली असेल. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरही नसबंदीची केंद्रे होती. केरळातील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ मधील एकाच शिबिरात ६० हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

त्या काळात बालमृत्यूचे प्रमाण भयंकर होते. १९६० च्या सुमारास देशात जन्मणाऱ्या साधारण चार मुलांपैकी एक पाचवा वाढदिवस पाहत नसे. दोन-तीन मुले झाली म्हणून बापाने नसबंदी करून घ्यावी आणि पुढे पटकी, गोवर किंवा देवीने मूल दगावावे, असे घडणे अपरिहार्य होते. मग तुटलेली वाहिनी पुन्हा जोडण्याचा प्रश्न आला. अमेरिकेत विल्यम क्विनबी यांनी १९१९ मध्ये अशी जोडणी यशस्वी केली होती. पण तो एका रुग्णाचा दाखला होता. मुंबईचे शल्यविशारद जी. एम. फडके आणि ए. जी. फडके यांनी १९६७ मध्ये ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त ७६ पुरुषांच्या पुनर्जोडणीचा अनुभव प्रसिद्ध केला. ८३ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ५५ टक्क्यांच्या पत्नींना गर्भधारणा झाली. शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक वापरण्याची पद्धत रूढ होण्याआधीचे हे यश आहे. पुनर्जोडणीच्या इतिहासात या निबंधाचा उल्लेख आजही होतो.

या दोन आकड्यांतील फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. शुक्राणू परत आले तरी प्रत्येक घरी मूल आले नाही. वाट उघडणे आणि प्रजननक्षमता परत येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्या आकड्यांत दिसत होते.

त्यानंतर आणीबाणी आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. तरीही १९७६–७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. शहा आयोगापुढे अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी आणि शस्त्रक्रियेशी निगडित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. शुक्रवाहिनीला लवकर झालेली इजा या विषयात त्या ५४८ तक्रारींना वेगळे स्थान आहे. रोगाने किंवा अपघाताने नव्हे, तर शासनाने ठरवून दिलेल्या लक्ष्यांच्या दबावाखाली, मूल होण्याआधीच ती वाट बंद झाली होती. या भीतीचा परिणाम आजही टिकून आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आढळले. दोहोंत पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि सुरक्षित असूनही ओझे पुन्हा बाईवरच आहे.

काळ हा घटक

इजा किती जुनी आहे, यावर पुनर्जोडणीचे यश किती अवलंबून असते? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९९१ मध्ये अमेरिकेतील पाच शल्यविशारदांच्या गटाने दिले. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पुनर्जोडणी केलेल्या १,४६९ पुरुषांचा तो अभ्यास होता. नसबंदीला तीन वर्षे झाली नव्हती अशांपैकी ९७ टक्क्यांत शुक्राणू परतले आणि ७६ टक्क्यांना गर्भधारणेचे यश आले. तीन ते आठ वर्षांच्या गटात हे आकडे ८८ आणि ५३ होते, नऊ ते चौदा वर्षांच्या गटात ७९ आणि ४४. पंधरा वर्षे किंवा अधिक काळ उलटला असेल तर ७१ आणि ३०.

यामागचे एक कारण दाबाचे आहे. पुढचे टोक बंद असलेल्या नळीत मागून द्रव आणि पेशी येत राहतात. शरीर त्यांतील पुष्कळ भाग शोषून घेते. तरी दाब वाढतो. शुक्रवाहिनीची जाड भिंत तो सोसते. अधिवृषणाची नाजूक नळी मात्र कुठे तरी फुटते आणि तेथे नवा चट्टा धरतो. अमेरिकेचे शर्मन सिल्बर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या दुय्यम अडथळ्याकडे लक्ष वेधले. पहिली जागा नीट जोडूनही शुक्राणू का येत नाहीत, याचा उलगडा त्यातून झाला. मागे आणखी एक भिंत उभी राहिलेली असते.

आता हा हिशोब लहान मुलाला लावून पाहावा. दोन वर्षांच्या मुलाची शुक्रवाहिनी बंद झाली तर वयात येईपर्यंत काहीच घडत नाही, कारण शुक्राणूच नसतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी शुक्राणू बनू लागतात आणि पहिल्या दिवसापासून भिंतीवर आदळतात. तिशीत तो डॉक्टरकडे जाईल तेव्हा त्या अडथळ्याला सोळा-सतरा वर्षे झालेली असतात. वर दिलेल्या आकड्यांतील सर्वांत शेवटच्या, सर्वांत कमी यशाच्या गटात तो सुरुवातीलाच जाऊन बसतो. नसबंदी केलेल्या पुरुषाला शस्त्रक्रियेची तारीख ठाऊक असते. या मुलाला आपल्याला इजा झाली, हेच ठाऊक नसते.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेतील धागा

देवी गेली, तरी लहान वयात या वाटेला इजा होण्याचा एक मार्ग उरला. तो म्हणजे जांघेतील हर्नियाची, मराठीत ज्याला अंतर्गळ म्हणतात त्याची, शस्त्रक्रिया. मुलांमध्ये ती सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. गर्भावस्थेत वृषण पोटातून खाली उतरते तेव्हा पोटाच्या अस्तराची एक पिशवी त्याच्यासोबत येते. ती जन्माच्या आसपास मिटायला हवी. मिटली नाही तर त्यातून आतडे उतरते. ही पातळ पिशवी शुक्रवाहिनीला चिकटलेली असते. तान्ह्या बाळाची शुक्रवाहिनी दोऱ्याएवढी असते. पिशवी सोडवताना तो दोरा चिमट्यात सापडू शकतो, ताणला जाऊ शकतो, क्वचित कापलाही जाऊ शकतो.

अमेरिकेत १९५५ मध्ये रॉथेनबर्ग आणि बार्नेट यांनी असे मांडले की एका बाजूला हर्निया असलेल्या लहान मुलाच्या दुसऱ्या बाजूलाही पिशवी उघडी असण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर अनेक ठिकाणी दोन्ही बाजू उघडून पाहण्याची प्रथा पडली. हेतू चांगला होता. मुलाला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागू नये. पण निसर्गाने दोन वाटा दिल्या आहेत आणि एक बंद झाली तरी दुसरीवर काम भागते. दोन्ही बाजूंना हात लावला की ही राखीव वाटही धोक्यात येते. १९८१–८२ मध्ये कॅनडातील बॅरी शँडलिंग आणि जोसेफ जॅनिक यांनी उंदरांवर प्रयोग करून शुक्रवाहिनी किती नाजूक आहे हे दाखवले आणि सरसकट दुसरी बाजू उघडण्याविरुद्ध इशारा दिला. पुढे १९९० च्या दशकात पोटात बारीक दुर्बीण घालून दुसऱ्या बाजूची पिशवी न उघडता पाहणे शक्य झाले.

जपानच्या मात्सुदा आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये याची दुसरी बाजू मांडली. लहानपणी हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि आता वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांपैकी २६.७ टक्क्यांत शुक्रवाहिनी बंद आढळली. हा आकडा नीट वाचायला हवा. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या दर चौघांपैकी एक वंध्य होतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तसे हजारो पुरुष बाप झाले आणि ते कोणत्याही दवाखान्यात गेले नाहीत. जे अडचण घेऊन आले त्यांच्यापुरता हा आकडा आहे. अडकलेले आतडे तान्ह्या बाळाचा जीव घेऊ शकते, म्हणून हर्नियाची शस्त्रक्रिया टाळणे हा उपाय नाही. ती मुलांच्या शस्त्रक्रियांचा सराव असलेल्या हातून व्हावी आणि तिचे कागद जपून ठेवावेत, हा उपाय आहे.

बेळ्ळंदूरमधला प्रश्न

मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली भारतातील पहिल्या शास्त्रीयदृष्ट्या नोंदवलेल्या नलिका-बालिकेचा जन्म झाला. त्या कामातील त्यांचे सहकारी टी. सी. आनंद कुमार हे तेव्हा परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते. पुढे ते बेंगळुरूत स्थायिक झाले. बेंगळुरूला या विषयाची जुनी परंपरा आहे. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच आपल्या सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडली होती. १९९२ मध्ये ब्रसेल्समध्ये एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याचे तंत्र यशस्वी झाले आणि बुजलेल्या वाटेला वळसा घालणे शक्य झाले. वृषणात किंवा अधिवृषणात अडकलेले शुक्राणू सुईने काढून आता गर्भधारणा साधता येते.

आज बेळ्ळंदूरसारख्या भागात पुण्या-नाशिकहून, बेळगाव-कोल्हापूरहून आलेली तरुण दांपत्ये राहतात आणि वंध्यत्व उपचारांच्या पाट्या रस्त्यारस्त्यावर दिसतात. तेथे वीर्यतपासणीत शुक्राणू आढळले नाहीत तर जाणता डॉक्टर यंत्राकडे वळण्याआधी काही प्रश्न विचारतो. लहानपणी जांघेची शस्त्रक्रिया झाली होती का? वृषण खाली उतरले नव्हते म्हणून काही केले होते का? क्षयरोग झाला होता? मग तो हाताने शुक्रवाहिनी चाचपून पाहतो, कारण काही पुरुषांत ती जन्मतःच नसते आणि त्यामागे आनुवंशिक दोष असू शकतो. पुष्कळ तरुणांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर येत नाही. त्यासाठी गावी आईला फोन करावा लागतो. तीन वर्षांचा असताना तालुक्याच्या दवाखान्यात काही तरी केले होते, एवढेच तिला आठवते. त्या एका वाक्यामुळे तपासणीची दिशा बदलते; वाहिनी जोडता येईल का, याचा विचार सुरू होतो आणि पत्नीच्या शरीरावरचे अनावश्यक उपचार टळू शकतात.

या इतिहासाच्या प्रकाशात एक ताजी बातमी वाचण्यासारखी आहे. आयआयटी खरगपूरचे सुजय गुहा यांनी १९७० च्या दशकात कल्पिलेले ‘रिसग’ हे इंजेक्शन शुक्रवाहिनीत देतात. त्यातील बहुवारिक पदार्थ वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतो आणि जाणाऱ्या शुक्राणूंना निकामी करतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘अँड्रॉलॉजी’ या नियतकालिकात आले. २५ ते ४० वयोगटातील ३०३ विवाहित पुरुषांचा सात वर्षे पाठपुरावा केला गेला. गर्भधारणा रोखण्यात ९९.०२ टक्के यश मिळाले आणि गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. हे मोठे काम आहे. बातम्यांत मात्र ‘हवे तेव्हा काढून टाकता येणारे’ हे विशेषण सर्रास वापरले गेले. तसे प्राण्यांमध्ये दिसले आहे. माणसात तो पदार्थ काढल्यावर प्रजननक्षमता किती परत येते, हे या चाचणीने तपासलेले नव्हते.

तो भाग तपासला जाईल तेव्हा कोणते आकडे मागायचे, हे आधीच ठरलेले आहे. किती पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले, हा एक. किती घरी मूल आले, हा दुसरा. वाट किती वर्षे बंद होती, हा तिसरा आणि रक्तात प्रतिपिंडे किती जणांत होती, हा चौथा. मुंबईच्या संशोधकांनी १९६४ ते १९७३ या काळात याच प्रश्नांची सुरुवात करून ठेवली आहे, आणि तीही अशा पुरुषांच्या तपासणीतून की ज्यांतील पुष्कळांना आपण लहानपणी काय गमावले हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.